कठड्यावरून दिसतं ते

९ जानेवारी

प्रिय आत्या,

फोन करणार होते, पण फोनवर तू बोलतेस, ऐकत नाहीस. तुझ्या हातात फोन आला की त्याचं व्यासपीठ होतं. म्हणून पत्र लिहिते आहे आणि सोबत काही फोटो पाठवते आहे.

रंगाचा कारखाना बंद पडल्यावर त्याच्या मागे सांडपाण्याचे खड्डे उरले होते, ते आठवतात? तू नाकाला रुमाल लावून बघितले होतेस. गेली तीन वर्षं मी तिथे पाणथळ उभी करते आहे. पाणकणसं लावली, लव्हाळे लावले, उतार असे दिले की पाणी एका खड्ड्यातून दुसऱ्यात सावकाश जावं आणि मुळांमधून गाळलं जावं. आता तळाचे खडे दिसतात. बेडूक आले, चतुर आले, बगळे आले. तू मला जिच्या नावाने हाक मारतेस तीही आली. सकाळी माझ्याच डोक्यावर ओरडत फिरते, म्हणजे आम्ही दोघी सारख्याच कजाग.

आली नाहीत ती फक्त माणसं. नगरपालिकेने वस्तीत फोटो दाखवून लोकांना विचारलं की ही जागा कशी वाटते. निकाल वाईट लागला. कोणी म्हणालं गचपण आहे, कोणी म्हणालं साप असतील, कोणी म्हणालं काम अर्धं सोडून पळालेले दिसतात. आणि सगळ्यांत जास्त जणांच्या तोंडी एकच शब्द होता, बेवारस. आत्या, हा शब्द आपण बसमध्ये राहिलेल्या पिशवीला लावतो, नाहीतर प्रेताला.

आमचे साहेब सज्जन आहेत. ते म्हणाले, "बाई, पाणी स्वच्छ झालं हे मला कळतं. पण लोक पाणी बघत नाहीत, रस्त्याच्या कठड्यावरून जे दिसतं ते बघतात." एप्रिलच्या शेवटी पुन्हा मत घेणार आहेत. तेव्हाही हेच निघालं तर सगळं उपसून भर घालतील आणि वर हिरवळ आणि कारंजं करतील. तीन वर्षांत जे जगायला शिकलं ते यंत्र एका दुपारी खरवडून टाकेल.

तू जन्मभर लोकांची मनं वळवलीस. मला एवढंच सांग, एखादी जागा सुंदर दिसायला काय लागतं?

तुझी,
टिटवी


२० जानेवारी

टिटवे,

हिरवळीचं नाव वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. हिरवळ म्हणजे गवताची कवायत. एका उंचीचं, एका रंगाचं, फुलायची परवानगी नसलेलं गवत. आणि कारंजं म्हणजे पाण्याला वर भिरकावून पुन्हा खाली आपटायची शिक्षा. हे ज्यांना सुंदर वाटतं त्यांच्यावर मी रागावत नाही. त्यांना पाळण्यापासून शिकवलंय की सुंदर म्हणजे आज्ञाधारक. झाड असो, मूल असो, नाहीतर बाई असो.

पण त्या एका शब्दाला हसू नकोस. बेवारस म्हणजे कुरूप नव्हे. बेवारस म्हणजे ज्याच्यासाठी रडणारं कोणी नाही. लोक तुझ्या पाणथळीला नावं ठेवत नाहीत, ते विचारताहेत की हिचं कोण आहे. माणसाला रान सुंदर दिसत नाही, टिटवे. त्या रानावर कोणाचा तरी जीव आहे हे आधी दिसतं, आणि मग रान सुंदर दिसतं. मी एवढी पुस्तकं वाचली, एवढ्या सभा गाजवल्या, त्यातून शिकलेली ही एकच गोष्ट मला खात्रीने सांगता येते.

तेव्हा आतलं रान आत राहू दे, पण बाहेरून त्याला चौकट दे. कडेचं गवत सरळ रेषेत काप. एक वाट कर, एक बाक टाक. ही जागा कोणीतरी राखतं आहे हे लांबून कळलं पाहिजे.

आणि तिसऱ्या फोटोतल्या माळ्याला असा लपवून का ठेवला आहेस? पाणकणसांत वाकून काम करतोय बिचारा, जेमतेम पाठ दिसते. त्याला पुढे आण. माझ्या शंभर भाषणांनी होत नाही ते काम एक वाकलेली पाठ करते.

आत्या


१८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आधी डोळे तपासून घे. माझ्याकडे माळी नाही. माळी ठेवायला मंजुरी मिळाली असती तर मी कशाला चिखलात उतरले असते? तो फोटो मी स्वतः पंपघराच्या गच्चीवरून काढला होता आणि खाली चिटपाखरू नव्हतं.

बाकी तुझं सगळं ऐकलं. कडेचं गवत कापलं, पायवाटेला दोन्ही बाजूंनी दगड लावले, कठड्याला रंग दिला. साहेबांनी थोड्या लोकांना पुन्हा फोटो दाखवले. मत सुधारलं, पण जेमतेम. मग तुझा तो माळी डोक्यात घोळायला लागला. म्हटलं, नाही तर नाही, आपणच होऊ. कॅमेरा गच्चीवर लावून ठेवला, गमबूट चढवले, बाबांची जुनी विजार घातली, केस वर बांधले आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून पाणकणसांत वाकून उभी राहिले.

आत्या, जादू झाली. तीच पाणथळ, तोच उजेड, त्यात फक्त एक पाठ जास्त. आणि लोक म्हणाले, किती शांत वाटतं. किती जीव लावून केलंय. ज्या काकांनी जानेवारीत साप म्हटलं होतं ते म्हणाले, आमच्या घरामागे असं करून मिळेल का?

एक गंमत सांगते. गठ्ठ्यात माझा असा फोटो एकच आहे. पण तो बघून झाला की लोक बाकीचे रिकामे फोटो हातात घेतात आणि म्हणतात, इथेही आहेच की तो. आणि सगळे एकाच ठिकाणी बोट ठेवतात. डाव्या हाताला, पाणकणसं जरा विरळ झाली आहेत तिथे. एकमेकांचं बघून ठेवतात म्हणावं, तर साहेब प्रत्येकाला वेगळं बसवून विचारतात. मी डोळे फाडून बघते. मला नुसती पाणकणसं दिसतात.

तुझी,
टिटवी


२७ फेब्रुवारी

टिटवे,

मी चौकट दे म्हटलं होतं, नाटक कर म्हटलं नव्हतं.

तू तुझीच पाठ दाखवलीस, ते एक वेळ मान्य करीन. राबतेस तूच, मग दिसलीस तर कोणाचं काय गेलं? पण नसलेला माणूस लोकांना दिसायला लागला तर ते सौंदर्य नव्हे, ती नजरबंदी झाली. खोटेपणाने मिळालेलं प्रेम मला कोणाकडूनही नको, माणसाकडून नको आणि मतदाराकडूनही नको. सभा असेल तिथे उभी राहा आणि सांग की तो माणूस म्हणजे तू होतीस, आणि बाकीच्या फोटोंत कोणी नाही. खरं ऐकूनही ज्यांना पाणथळ आवडेल तेवढेच तुझे. बाकीचे भाड्याने आणलेले.

डोळे तपासले. चष्मा बदलला. नंबर वाढला होता. तो विषय संपला.

त्या विरळ जागेत तू रोज उतरतेस का ग? सहज विचारते आहे.

आत्या


२९ मार्च

प्रिय आत्या,

नगरपालिकेची सभा झाली, म्हणून लगेच लिहिते आहे. पण आधी त्याच्या आधीचं सांगते.

आता कठड्यावर गर्दी असते. कामावरून परतणारे थांबतात, आया मुलांना कडेवर घेऊन येतात. मुलं पाण्याकडे बघून हात हलवतात. कोणाला विचारलं तर म्हणतात, दादांना टाटा करतो. त्याचं नावच दादा पडलं आहे.

दुसरं असं की, सकाळी मी येते तेव्हा जलपर्णी काढून काठावर नीट ढीग लावलेले असतात. मुळं वर, पानं खाली, म्हणजे पुन्हा रुजू नये म्हणून मी लावते तसे. मला वाटलं, वस्तीतलंच कोणीतरी मदत करतंय. पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तुम्हीच तर काढत होता बाई, मी गुड मॉर्निंग केलं, तुम्ही बघितलंही नाही." मी तेव्हा नुकतीच फाटकातून आत येत होते.

आता सभा. बोलायची पाळीच लवकर आली नाही. अध्यक्ष म्हणाले की बाई आलेल्या दिसत नाहीत, पुढचा विषय घेऊ. मी पहिल्या रांगेत, त्यांच्या नाकासमोर बसले होते. उठून हात हलवला तेव्हा ते दचकले. मग तू सांगितलंस तसं सगळं सांगितलं. पाठ माझी होती, बाकी फोटो रिकामे आहेत, पाणथळीत कोणी राहत नाही, माझ्याशिवाय कोणी काम करत नाही. मला वाटलं, आता चिडतील.

ते हसले. वाईट हसले नाहीत, लहान मूल काहीतरी बोलल्यावर हसावं तसे हसले. एक म्हाताऱ्या नर्सबाई उठल्या. या बाईंनी निम्म्या वस्तीला जन्मताना बघितलंय, त्यामुळे त्या उठल्या की सगळे ऐकतात. त्या म्हणाल्या, "पोरी, तुला श्रेय नको असेल तर नको घेऊस. पण दुसऱ्याचं का पुसतेस? तो नाही म्हणतेस, तर रोजची जलपर्णी कोण काढतं?"

ती मी काढलेली नव्हती.

साहेबांनी तिथेच शेरा मारला की पाणथळ राखायला हरकत नाही, मात्र राखणारा माणूस कायम राहिला पाहिजे. म्हणजे आता तो आहे तोवर माझं काम जगेल. तो गेला की कारंजं.

परवा मला सुचलं की आपण त्याच विरळ जागी जाऊन उभं राहावं. मग लोक ज्याला बघतात ती मीच असेन आणि गोष्ट खोटी उरणार नाही. गेले. गुडघाभर पाणी होतं, थंड. वर कठड्यावर सगळे हात हलवत होते. मीही हलवला. मग लक्षात आलं की ते माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या थोडं डावीकडे बघताहेत.

मी डावीकडे बघितलं नाही.

टिटवी


५ एप्रिल

टिटवे,

चष्म्याबद्दल मी तुझ्याशी खोटं बोलले. नवीन चष्म्यातून ती आकृती जास्त स्पष्ट दिसते.

त्या आधी एक केलं होतं, तेही तुला कळवलं नाही. शेजारचे डोळ्यांचे डॉक्टर चहाला आले होते. त्यांना काहीही न सांगता तिसरा फोटो हातात दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला आणि विचारलं, ही बाई कोण? मी माळी म्हणाले होते. ते बाई म्हणाले. मग मीही भिंग घेऊन बसले. विजार आणि बूट बघून मी पुरुष समजले होते. मानेवरून लक्षात आलं. तुझी मान मी तू तान्ही असल्यापासून सांभाळून धरली आहे, ती मला ओळखू येणार नाही?

तो फोटो जानेवारीतला आहे. तू फोटोसाठी बूट घालून पाण्यात उभी राहायच्या आधीचा. आणि तो काढताना तू गच्चीवर होतीस.

मी आयुष्यभर व्यासपीठावरून भुतं हाकलली. लोकांना सांगितलं, अंधारात दिसतं ते तुमची भीती असते. आजही तेच सांगेन. हे भूत नाही. भूत मेलेल्याचं म्हणतात, तू जिवंत आहेस. हे काय आहे ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही असं मी आजवर कुठल्याही सभेत म्हटलेलं नाही. मला एवढंच दिसतं की त्या जागेला कोणीतरी हवं होतं. तीन वर्षं तू तिला स्वतःला थोडं थोडं देत गेलीस, आणि लोकांना आता ते दिलेलंच दिसतं, देणारी दिसत नाही.

निसर्गासाठी मी तुरुंगात गेले आहे, लाठ्या खाल्ल्या आहेत. तरीही लिहिते. या पृथ्वीवर कुठलीही जागा इतकी सुंदर नाही की तिच्यापायी माझी भाची खर्ची पडावी. येऊ दे यंत्र. बसू दे कारंजं. तू तिथून नीघ. आज नीघ.

आत्या


१४ मे

टिटवे,

तुझं उत्तर नाही, फोनही लागत नाही. महिना गेला. म्हणून मीच गाडीत बसले आणि येऊन गेले. तुला न भेटता परत आले, ते का ते सांगते.

तुझ्या खोलीला कुलूप होतं. मग कठड्याकडे गेले. माणसं रांगेने उभी होती आणि मोठ्याने कोणी बोलत नव्हतं. अशी शांतता मी फक्त भाषण संपल्यावर, टाळ्या पडायच्या आधी ऐकली आहे. आणि खाली तुझी पाणथळ. मी हजारदा 'सुंदर' हा शब्द वापरला असेल, फुकट वापरला असं वाटलं. लव्हाळे विंचरल्यासारखे एका अंगाला झुकलेले होते. पाण्यावर आकाश होतं, आणि त्यात एकही पान चुकीच्या जागी नव्हतं. तरी कोणी कापलंय, छाटलंय असं कुठेच वाटत नव्हतं. कोणीतरी सगळ्यावरून फक्त हात फिरवला होता.

आणि तू होतीस. गुडघाभर पाण्यात, वाकलेली, केस वर बांधलेले. इतकं सांगूनही तू गेली नव्हतीस.

मी हाक मारली. विनामाइकची सभा घेणारा आवाज आहे माझा. कठड्यावरची कबुतरं उडाली, तुझी मान वर झाली नाही. शेजारी पिशवी घेऊन उभा असलेला एक पोस्टमन हळूच म्हणाला, "आजी, हाक नका मारू. त्यांना काम करू द्या."

फाटकावर मंजुरीचा कागद लावला आहे. पाणथळ कायम झाली. तू जिंकलीस. माझ्याशी भांडून जिंकलीस, तर तेही कबूल. रागावली असशील तर राग. पण मला एक कळत नाही. खाली उतरायला पायऱ्या होत्या. माझे गुडघे अजून चालतात. मी उतरून तुझा दंड धरून तुला ओढून आणायला आले होते, आणि मी उतरले नाही. कठड्याला टेकून बघत राहिले, उजेड जाईपर्यंत. सगळ्यांसारखी. तू राबत होतीस आणि मला ते बघायला आवडत होतं. आजवर मला कोणाची इतकी भीती वाटली नाही जितकी त्या संध्याकाळी माझी वाटली.

एक ओळ लिही. शिवी दे, पण लिही.

आत्या


२ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत इथे आलं. एप्रिलमध्ये मी उत्तर लिहिलं होतं, स्वतः पेटीत टाकलं होतं. ते तुला मिळालं नाही हे आत्ता कळलं. त्यात फार काही नव्हतं. तू म्हणतेस तसं करते, राजीनामा दिला, निघते, एवढंच.

तुझं एप्रिलचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी निघाले. आता दुसऱ्या शहरात आहे, एका रोपवाटिकेच्या कचेरीत. टेबल, खुर्ची, कुंड्यांचे हिशेब. चिखलाचा संबंध नाही. तू मे महिन्यात कठड्यावर उभी होतीस तेव्हा मी इथे होते. मी तुझं ऐकलं होतं, आत्या.

वाचून पहिल्यांदा आनंद झाला, खरं सांगते. पाणथळ वाचली. माझ्याशिवाय वाचली. तू लिहिलंस तशीच ती मला पहिल्या दिवसापासून हवी होती, आणि माझ्या हातून कधी झाली नव्हती.

मग तुझं पत्र घडी करून ठेवलं आणि गेल्या महिन्यातल्या काही गोष्टींचा मेळ लागायला लागला.

इथली माणसं वाईट नाहीत. त्यांची नजर माझ्यावर ठरत नाही, एवढंच. दुकानात माझी पाळी आली की दुकानदार माझ्या मागच्याला विचारतो, काय देऊ. परवा संध्याकाळी मी टेबलाशी लिहीत बसले होते आणि शिपाई दिवे मालवून, दाराला कुलूप लावून गेला. मला वाटलं, नवीन आहे, होतं असं. खिडकीतून बाहेर आले आणि घरी येऊन हसले सुद्धा. काल रविवार. घरमालकीण कोणा नवरा-बायकोला घेऊन माझ्या खोलीत आली आणि त्यांना कपाट, मोरी, उजेड सगळं दाखवलं. मी खाटेवर बसले होते. ती त्यांना म्हणाली, "रिकामीच आहे, केव्हाही या." मी खाकरले. तिने वळून खिडकी लावून घेतली. म्हणाली, वारा फार आहे.

आरशात मी आहे. सकाळ-संध्याकाळ बघते. आवाजही आहे, मी मोठ्याने वाचून पाहते. तुझी पत्रंच वाचते, ती मोठ्याने वाचायलाच लिहिलेली असतात.

परत जायचा विचार येतो. कठड्यावर उभं राहून खाली बघावं, म्हणजे तुम्हाला सगळ्यांना जे दिसतं ते एकदा मलाही दिसेल. पण तू स्वतः पायऱ्या उतरू शकली नाहीस. मीही बघतच राहिले तर मला तिथून कोण आणेल?

म्हणून तू ये. सकाळच्या गाडीने ये, मी स्टेशनवर असेन. मी दिसले नाही तर घाबरून परत जाऊ नकोस. गर्दी पांगू दे. फलाटावर उभी राहा, हात जरा पुढे करून. मीच येऊन धरीन.

तुझी,
टिटवी